गव्हाळ-सावळ्या त्वचेसाठी सौम्य अ‍ॅसिड: मँडेलिक, लॅक्टिक की ग्लुकोनोलॅक्टोन?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रंग गव्हाळ, गालावर आणि हनुवटीवर अधूनमधून फोड येतात, ते बसले की तपकिरी डाग महिनोन् महिने हटत नाहीत. म्हणून १०% ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं टोनर रोज रात्री लावलं. तीन आठवड्यांत चेहरा चरचरायला लागला आणि तोंडाच्या कडेला उलट जास्तच काळवंडलं. आता सौम्य अ‍ॅसिड घ्यायचं तर कुठलं, किती टक्क्यांचं, आठवड्यातून किती वेळा?

आधी उत्तर देतो. पुढचे चार आठवडे कुठलंच अ‍ॅसिड नको. त्यानंतर ५% मँडेलिक, आठवड्यातून दोन रात्री. त्वचा मुळात कोरडी, थंडीत पांढरट रेघा उठणारी असेल तर मँडेलिकऐवजी ५% लॅक्टिक. आणि साबण बदलला तरी चेहरा भडकतो अशी त्वचा असेल तर दोन्ही सोडा, ग्लुकोनोलॅक्टोन घ्या. ही निवड का, आणि याआधी नेमकं काय बिनसलं, ते कळलं नाही तर नवी बाटलीही त्याच वाटेने जाईल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा. चेहऱ्यावर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या बारीक टाक्यांनी जोडलेल्या असतात. खालून नवी पेशी वर येते, जुनीचे टाके उसवतात आणि ती गळून पडते. तळापासून वरपर्यंतच्या या प्रवासाला तरुण वयात साधारण चार आठवडे लागतात. अ‍ॅसिड हे टाके थोडे लवकर उसवतं, इतकंच त्याचं काम. १९७४ साली अमेरिकेत युजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोघांनी माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होणाऱ्या आजारात, म्हणजे इक्थिओसिसमध्ये, अल्फा हायड्रॉक्सी अ‍ॅसिडं (ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक ही याच कुटुंबातली) लावून खवले सुटतात हे दाखवलं, तिथून हा सगळा प्रकार सौंदर्यप्रसाधनांत आला. म्हणजे औषध मुळात जाड, साचलेल्या थरासाठी होतं. तुमच्या गालावर तसा थर नाही. तिथे तेच जोरात आणि रोज वापरलं की सुटायला आलेल्या पेशींबरोबर अजून कामात असलेल्या पेशींचेही टाके उसवतात. पाणी आतून उडायला लागतं, बाहेरचा फेसवॉश आत शिरून झोंबायला लागतो.

गोऱ्या त्वचेवर याची खूण लालसरपणाची असते आणि ती आठवडाभरात जाते. आपल्याकडे तसं होत नाही. गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी दाह झाला की लगेच कामाला लागतात. मग तो दाह फोडाचा असो, डास चावल्याचा असो की अ‍ॅसिडचा. फोडाने डाग पडला, डागावर अ‍ॅसिड लावलं, अ‍ॅसिडने दाह झाला, दाहाने आणखी डाग पडला. तोंडाच्या कडेला तुमच्या बाबतीत हेच झालं आहे. शिवाय आपल्या रंगात लाली पटकन दिसतच नाही. ती राखाडी-जांभळट झाक होऊन येते आणि बघणाऱ्याला वाटतं, ‘रापलीस वाटतं’. त्यामुळे धोक्याची घंटा उशिरा वाजते. आपल्या त्वचेला सौम्य अ‍ॅसिड घ्या म्हणतात ते एवढ्यासाठी.

सौम्य म्हणजे नक्की काय

दुकानात सौम्यपणा टक्क्यांवर मोजतात, ते चूक आहे. तीन गोष्टी बघाव्या लागतात: रेणू केवढा, द्रावणाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं द्रावण जास्त आम्ल) किती, आणि ते त्वचेवर किती वेळा आणि किती वेळ राहतं.

रेणूचं गणित सोपं आहे. ग्लायकोलिक अ‍ॅसिडचा रेणुभार ७६, या कुटुंबातला सगळ्यात लहान. तो भराभर आत शिरतो, म्हणून परिणामही लवकर आणि चुणचुणही जास्त. लॅक्टिकचा ९०. मँडेलिकचा १५२, म्हणजे ग्लायकोलिकच्या बरोबर दुप्पट. ग्लुकोनोलॅक्टोनचा १७८ आणि लॅक्टोबायोनिकचा ३५८. ही शेवटची दोन पॉलिहायड्रॉक्सी गटातली, बाटलीवर पीएचए लिहिलेलं असतं ती. गंमत अशी की रसायनशास्त्राच्या हिशेबात मँडेलिक हे ग्लायकोलिकपेक्षा थोडं जास्तच तीव्र अ‍ॅसिड आहे. तरी ते त्वचेला सौम्य वाटतं, कारण ते हळूहळू झिरपतं. एकदम लोंढा येत नाही.

मँडेलिक हे नाव कडू बदामावरून पडलं, जर्मन भाषेत बदामाला मांडेल म्हणतात. त्याच्या रेणूत एक बेंझिनचं कडं असतं, त्यामुळे ते तेलाशी ग्लायकोलिकपेक्षा बरं जुळवून घेतं. तेलकट कपाळ, बारीक पुरळ आणि मागे राहिलेले तपकिरी डाग, हे तिन्ही एकत्र असताना पहिली पसंती मँडेलिक ती याचसाठी. लॅक्टिकची खुबी वेगळी. आपल्या मृत थरात पाणी धरून ठेवणारा जो नैसर्गिक ऐवज असतो, त्यात लॅक्टेट मुळातच आहे, बाराएक टक्के. म्हणून लॅक्टिक सोलतं तसं ओलावाही देतं. ग्लुकोनोलॅक्टोनच्या रेणूभोवती पाणी धरणारे गट भरपूर, ते त्याहून मऊ. पण परिणाम दिसायला तीन महिने धरून चाला. घाई असणाऱ्याने ते घेऊ नये, कारण घाईतला माणूस सहाव्या आठवड्यात त्यावर दुसरं काहीतरी चढवतो.

आता पीएच. बाटलीतलं सगळं अ‍ॅसिड कामाचं नसतं. त्यातला जो भाग मोकळा असतो तोच आत जातो, उरलेला क्षाराच्या रूपात बसून राहतो. प्रत्येक अ‍ॅसिडचा एक ठरावीक पीएच असतो जिथे बरोबर निम्मं अ‍ॅसिड मोकळं असतं: मँडेलिकसाठी साधारण ३.४, ग्लायकोलिक आणि लॅक्टिकसाठी साधारण ३.८. पीएच त्याच्या एक अंकाने वर गेला की मोकळा भाग निम्म्यावरून नऊ टक्क्यांवर घसरतो. उदाहरण घ्या. ५% मँडेलिक, पीएच ३.४: मोकळं अ‍ॅसिड अडीच टक्के. १०% मँडेलिक, पीएच ४.४: मोकळं अ‍ॅसिड एक टक्काही नाही. मोठा आकडा लिहिलेली बाटली निम्म्याहून कमी जोराची. आणि उलटही होतं: ‘फक्त ५%’ म्हणून घेतलेलं लॅक्टिक पीएच ३ चं असेल तर त्यातलं सव्वाचार टक्क्यांहून जास्त मोकळं असतं, ते चांगलंच झोंबतं.

घरच्या वापराला पीएच ३.५ ते ४ चांगला. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक इन्ग्रेडियंट रिव्ह्यू या तज्ज्ञ मंडळाने १९९८ साली ग्लायकोलिक आणि लॅक्टिकसाठी घरगुती वापराची जी मर्यादा घातली तीही अशीच: प्रमाण १०% पर्यंत, पीएच ३.५ पेक्षा कमी नाही, आणि सोबत उन्हापासून संरक्षण. बरेच उत्पादक पीएच बाटलीवर किंवा संकेतस्थळावर देतात. देत नसतील तर अर्ध्या अर्ध्या अंकाच्या टप्प्यांची पीएच पट्टी आणून एक थेंब टाकून बघा. शून्य ते चौदाची शाळेतली पट्टी इथे उपयोगाची नाही, तिच्यावर तीन आणि चार सारखेच नारिंगी दिसतात. ज्या बाटलीवर अ‍ॅसिडचं नाव ठळक, पण टक्केवारीही नाही आणि पीएचही नाही, ती घेऊ नका असं माझं सरळ मत आहे.

आधीचे चार आठवडे

आत्ता चेहरा ज्या अवस्थेत आहे त्यावर सौम्य अ‍ॅसिडही सौम्य राहणार नाही. ओळखायची खूण: साधं पाणी मारलं तरी चरचरतं, रोजचं मॉइश्चरायझर लावलं तरी झोंबतं, कपाळ आणि गालाचा उंचवटा प्लॅस्टिकसारखा चकाकतो पण हात लावला तर ताणलेला आणि कोरडा लागतो. या चकाकीला बरेच जण ‘ग्लो’ समजतात आणि अजून लावतात. ती तुकतुकी नव्हे. वरचा थर घासून गुळगुळीत झाला की उजेड सपाट परावर्तित होतो, ती चमक.

या काळात ग्लायकोलिक, व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, स्क्रब, क्ले मास्क, सगळं बंद. सकाळी नुसतं पाणी, रात्री फेस न होणारा किंवा कमी होणारा साधा क्लिन्झर. चेहरा ओलसर असतानाच सेरामाइड आणि ग्लिसरीन असलेलं मॉइश्चरायझर. तोंडाच्या आणि नाकपुडीच्या कडेला वरून व्हॅसलिनचा पातळ हात. सकाळी सनस्क्रीन, तेही झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडचं घ्या, ते सहसा सोसतं. पाणी आणि मॉइश्चरायझर दोन्ही लागोपाठ आठ-दहा दिवस अजिबात झोंबले नाहीत म्हणजे थर भरून आला. कुणाला दोन आठवडे लागतात, कुणाला सहा.

लावायचं कसं

पहिली चाचणी कानामागे किंवा जबड्याखाली, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, एकाआड एक अशा तीन रात्री. मनगटावर चाचणी घेऊन फारसं कळत नाही, तिथली कातडी चेहऱ्यापेक्षा दणकट असते.

मग रात्री. चेहरा धुवा, टॉवेलने टिपा, आणि दहा मिनिटं थांबा. ओल्या त्वचेतून अ‍ॅसिड जास्त आत जातं. बऱ्याच जणांची आग आग होते ती निव्वळ घाईमुळे. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांची खाच आणि ओठांचे कोपरे इथे आधीच व्हॅसलिन लावून घ्या. अ‍ॅसिड ओघळून नेमकं या खाचांत साचतं आणि तिथलीच कातडी सगळ्यात पातळ. तुमचं तोंडाच्या कडेचं काळवंडणं तिथूनच सुरू झालं असणार.

चार-पाच थेंब तळहातावर घ्या, दोन बोटांनी आधी कपाळ, मग हनुवटी, मग गाल, शेवटी जे उरेल ते नाकावर. ड्रॉपर थेट चेहऱ्याला लावू नका. थेंब जिथे पडतो तिथे अर्धा मिनिट दाट राहतो, आणि काचेच्या टोकाला लागलेलं चेहऱ्याचं तेल पुन्हा बाटलीत जातं. चोळायचं नाही, पसरायचं. पाच-दहा मिनिटांनी वरून मॉइश्चरायझर. घरी लावून ठेवायच्या या सीरमला वेगळं ‘न्यूट्रलाइज’ करावं लागत नाही, ती गोष्ट दवाखान्यातल्या पीलची.

चुणचुण होणं, एखाद-दोन मिनिटांत विरणं, हे ठीक. चरचर पाच मिनिटांनंतरही चालूच, किंवा भगभग वाढत जाते आहे, तर तोंड धुवून टाका आणि पुढच्या वेळी त्याच्या निम्माच वेळ ठेवून धुवा. ज्यांना थोडंही झोंबतं त्यांनी पहिले दोन आठवडे दहा मिनिटं ठेवून धुवून टाकावं, किंवा आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर अ‍ॅसिड असं उलटं करावं. जोर कमी होतो, पण शून्य होत नाही.

पहिले चार आठवडे दोन रात्री, मध्ये निदान दोन दिवसांचं अंतर ठेवून. रविवार आणि बुधवार धरले तर लक्षात राहतं. मग तीन रात्री. त्याच्या पुढे जाऊ नका. आठ आठवड्यांनी त्रास काहीच नाही आणि फरकही फार नाही, तर रात्री वाढवण्याऐवजी ५% वरून १०% वर जा आणि पुन्हा दोन रात्रींपासून सुरू करा. ऋतूकडेही बघा. पावसाळ्यातल्या कोकणात तीन रात्री ज्याला सहज चालतात, त्यालाच डिसेंबरातल्या नागपूर-संभाजीनगरच्या कोरड्या हवेत एक रात्र पुरे होते. बोअरच्या जड पाण्याने चेहरा धुणाऱ्यांनीही हात आखडताच ठेवावा.

बाटलीचा हिशोब करून बघा, चूक पटकन सापडते. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर, चार थेंब म्हणजे ०.२. तीस मिलिलिटरची बाटली दीडशे वेळा पुरते. आठवड्यातून तीन रात्री लावलं तर जवळजवळ वर्षभर. तुमची दोन महिन्यांत संपत असेल तर तुम्ही पाचपट-सहापट ओतता आहात. अ‍ॅसिड टोनर कापसावर घेऊन पुसायची पद्धत म्हणूनच मला आवडत नाही: निम्मं कापूस पितो, उरलेलं किती लागलं ते कळत नाही, आणि वर घासणं होतं ते निराळंच.

ऊन

सनस्क्रीन लावणार नसाल तर अ‍ॅसिड घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने दिलेला आकडा बोलका आहे: चार आठवडे अल्फा हायड्रॉक्सी अ‍ॅसिड लावल्यावर अतिनील किरणांनी त्वचा लाल होण्याची संवेदनशीलता १८ टक्क्यांनी वाढली, आणि थांबवल्यावर आठवडाभरात ती पूर्ववत झाली. म्हणजे ‘मी फक्त रात्री लावते’ हे उत्तर होत नाही, आणि अलिबागच्या किनाऱ्यावर किंवा ट्रेकला जायचं असेल तर आठवडाभर आधीच बाटली बंद. ग्लुकोनोलॅक्टोन या बाबतीत बरं, ते उन्हाची संवेदनशीलता तशी वाढवत नाही.

एसपीएफ ३० किंवा वर, पीए तीन-चार अधिकचं (बाटलीवर पीए+++ किंवा पीए++++ असं लिहिलेलं), आणि तर्जनी व मधलं बोट अशा दोन बोटांच्या लांबीएवढ्या दोन रेघा. त्याहून कमी लावलं की बाटलीवरचा आकडा निव्वळ कागदावर. डाग असतील तर त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन घ्या, कारण सावळ्या त्वचेत डोळ्याला दिसणारा उजेडही डाग गडद करतो आणि पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. दुचाकीवर जाणाऱ्यांनी स्कार्फ जरूर बांधावा, पण सुती आणि सैल. घामाने ओला झालेला घट्ट स्कार्फ आणि हेल्मेटची गादी आदल्या रात्री सोललेल्या गालावर तासभर घासत राहिली की तिथेच, गादीच्या आकाराचा डाग उमटतो. ज्या दिवशी लांबचा प्रवास, त्याच्या आदल्या रात्री अ‍ॅसिडला सुट्टी.

काय एकत्र चालतं, काय नाही

नायसिनामाइड चालतं. अ‍ॅसिडबरोबर ते बिघडतं ही जुनी भीती आहे, रोजच्या वापरात तिला अर्थ नाही. अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन, रेटिनॉल हे रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या गोतावळ्यातले, ते अ‍ॅसिडच्या रात्री नको. खरं तर डॉक्टरांनी अ‍ॅडापलीन दिलेलं असेल तर वेगळं अ‍ॅसिड लागतंच असं नाही, पेशींची उलाढाल तेही वाढवतं. व्हिटॅमिन सी सकाळी. बेन्झॉइल पेरॉक्साइड फोडावर, अ‍ॅसिड नसलेल्या रात्री. सॅलिसिलिक हे अ‍ॅसिड तेलात विरघळतं आणि छिद्राच्या आत पोचतं, काळ्या-पांढऱ्या कीलांना त्याच्यासारखं दुसरं नाही; पण मँडेलिकवर २% सॅलिसिलिकचा फेसवॉश आणि त्यावर सॅलिसिलिक सीरम असे तीन मजले चढवायचे नाहीत. फेसवॉशच्या डबीमागचं वाचा, बऱ्याचदा तिथे आधीच अ‍ॅसिड असतं आणि ते मोजलंच जात नाही.

पार्लरचं गणित वेगळं मांडावं लागतं. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच किंवा फेशियल, यांच्या आधी तीन दिवस आणि नंतर तीन दिवस अ‍ॅसिड बंद. वॅक्स केसाबरोबर मृत थराचा पापुद्राही उपटतो. खाली अ‍ॅसिडने सैल झालेली कातडी असेल तर वरच्या ओठावर मिशीच्या जागी ओरखडा उमटतो आणि तो काळा होऊन दोन-तीन महिने बसतो. लग्न असेल तर अ‍ॅसिड तीन महिने आधी सुरू करा, महिनाभर आधी नवं काहीही नको, आणि हळदीच्या तीन-चार दिवस आधी थांबा. हळद, उटणं आणि उघडी त्वचा हे एकत्र आलं की झोंबतंच.

पुरळ उठला तर तो ‘पर्जिंग’ की त्रास? नेहमी जिथे फोड येतात तिथेच, नेहमीसारखेच, आणि चार ते सहा आठवड्यांत ओसरले, तर आतले कील वर आले असं समजा. जिथे कधीच येत नव्हते तिथे आले, किंवा कपाळभर एकसारखे बारीक, खाजणारे दाणे आले, तर तो त्रास आहे किंवा यीस्टमुळे केसांच्या मुळांना आलेली सूज. बाटली बाजूला ठेवून दाखवून घ्या.

दही, लिंबू आणि वज्री

‘दह्यात लॅक्टिक अ‍ॅसिड असतंच की’ हा प्रश्न हमखास येतो. असतं, शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली ते आंबलेल्या दुधातूनच वेगळं काढलं. पण घरच्या दह्यात ते साधारण एक टक्का आणि पीएच साडेचारच्या आसपास, म्हणजे मोकळं अ‍ॅसिड जेमतेम ०.२ टक्के. नीट बनवलेल्या ५% सीरममध्ये याच्या दहापटीहून जास्त असतं. डाळीच्या पिठात दही कालवून लावलं की त्वचा मऊ लागते ती दह्यातल्या पाण्याने आणि स्निग्धांशाने, आणि धुताना पिठाचा भरडपणा घासतो त्याने. अपाय नाही, पण डाग जाण्याची आशा नको.

लिंबाचं मात्र उलट आहे. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीच, वर सायट्रिक अ‍ॅसिड पाच-सहा टक्के. शिवाय लिंबाच्या रसात आणि त्याहून जास्त सालीत फ्युरोकौमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं आणि ओघळ जसा वाहिला त्याच आकाराचा काळा पट्टा उमटतो. सरबत करताना मनगटावर ओघळलेल्या रसानेही हे होतं. चेहऱ्याला लिंबू कधीच नाही, मधातून नाही, साखरेतून नाही, बेसनातूनही नाही.

काळ्या मानेवर अ‍ॅसिडचे थर देण्याआधी आरशात नीट बघा. मानेची कातडी जाडसर, मखमलीसारखी लागते, घड्या ठळक झाल्यात, काखेतही तसंच आहे? मग तो मळ नव्हे आणि ऊनही नव्हे. ती अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स, बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण. रक्तातली साखर आणि वजन याकडे लक्ष द्यायचं; १०-१२% लॅक्टिक लोशनने वरचा जाडपणा थोडा उतरतो, मूळ तिथेच राहतं. ती मान नायलॉनच्या घासणीने खसाखसा घासणं हा त्यावरचा सगळ्यात वाईट उपाय. वर्षानुवर्षं घासणीने किंवा वज्रीने पाठ, खांदे, नडग्या घासणाऱ्यांना नेमक्या हाडाच्या उंचवट्यांवर जाळीदार तपकिरी डाग पडतात, आणि ते काढायला कुठलंच अ‍ॅसिड पुरत नाही. वज्री टाचेपुरतीच ठेवा. दंडाच्या मागच्या बाजूला काटा आल्यासारखे जे बारीक दाणे असतात त्यांना मात्र १२% अमोनियम लॅक्टेट किंवा १०-२०% युरियाचं लोशन आंघोळीनंतर लगेच, रोज, छान लागू पडतं. बंद केलं की दोन महिन्यांत दाणे परत येतात, तो गुणधर्मच आहे त्यांचा.

कुणी थांबावं

वांग असेल तर अ‍ॅसिडवर भिस्त ठेवू नका. वांगाला उजेड, उष्णता आणि हार्मोन्स खतपाणी घालतात, सनस्क्रीन आणि डॉक्टरांचं औषध हा तिथला मुख्य मार्ग. अझेलाइक अ‍ॅसिड १५-२०% हे त्यात चांगलं बसतं आणि ते पुरळालाही चालतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना अ‍ॅसिड नाही. ओठावर वारंवार ‘जर’ (तापानंतर उठतात तसे पाणीदार फोड) येणाऱ्यांनी त्या भागापासून लांब राहावं. गरोदरपणात कमी टक्क्यांचं लॅक्टिक किंवा अझेलाइक साधारणपणे चालतं, सॅलिसिलिक मोठ्या भागावर नाही, रेटिनॉइड अजिबात नाही. तरी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. मुरुमाने पडलेले खड्डे कुठल्याच सीरमने भरत नाहीत, तिथे पैसे घालवू नका.

तपकिरी डाग फिकट व्हायला तीन ते सहा महिने धरा, राखाडी-निळसर असतील तर त्याहून कितीतरी जास्त, कारण तो रंग खोलवर उतरलेला असतो आणि अ‍ॅसिड तिथवर जात नाही. दर पंधरा दिवसांनी एकाच खिडकीत, एकाच वेळी फोटो काढा. रोज आरशात बघून काही कळत नाही.

आणि एक गट असा, ज्याने यातलं काहीच सुरू करू नये: मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोरेपणाच्या किंवा डागांच्या क्रीममध्ये बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल यांपैकी काही असेल आणि ते महिनोन् महिने लावलं असेल तो. हे स्टिरॉइड आहेत. त्यांनी त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, आणि एक दिवस क्रीम नाही लावलं तर चेहरा पेटतो. अशा चेहऱ्यावर ५% मँडेलिकही उकळत्या पाण्यासारखं लागतं. क्रीम एकदम तोडायचं की हळूहळू, हे त्वचारोगतज्ज्ञांनी चेहरा बघून ठरवायचं. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब एका पिशवीत घालून न्या, संपलेल्याही. चिठ्ठी न चिकटवलेली एखादी पांढरी डबी असेल, कुणी ‘आमच्याकडची खास’ म्हणून दिलेली, तर ती सगळ्यात आधी काढून टेबलावर ठेवा.